हार्टची गोळी, बीपीची गोळी आणि डोळ्यांचे थेंब : पंचवटीतलं एक प्रकरण

श्रावणातला चौथा सोमवार, संध्याकाळचे साडेसात. उपास सोडायची वेळ, त्यामुळे दवाखान्यात फारसं कोणी नव्हतं. काका मुलाच्या खांद्यावर हात टाकून आत आले आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटतंय." मागोमाग काकू आल्या. हातात साड्यांच्या दुकानाची पिशवी, आणि पिशवीत काकांची झाडून सगळी औषधं. त्या पिशवीचं महत्त्व मला त्या दिवशी कळलं नव्हतं.

काकांचं वय ६७. सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त. बारा वर्षांपासून मधुमेह. तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला, एक स्टेंट बसला आणि तेव्हापासून तब्येत ठणठणीत. रोज पहाटे गोदाकाठी चक्कर, दर श्रावणात त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी. (घरच्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

नाडी मिनिटाला १०८. रक्तदाब १७४/९८. कपाळावर घाम. उपासाचा दिवस आणि मधुमेहाची गोळी चालू, म्हणून सर्वांत आधी बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली. ११८ आली, म्हणजे तो प्रश्न मिटला. कार्डिओग्राममध्ये हृदयाच्या डाव्या बाजूच्या लीड्समध्ये एसटी रेषा खाली उतरलेली होती, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत होतं. ॲस्पिरिन चावायला दिली, जिभेखाली रक्तवाहिन्या सैल करणारी सॉर्बिट्रेट ठेवली आणि १०८ला फोन केला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी नेहमीचा प्रश्न विचारला, "गोळ्या सगळ्या चालू आहेत ना?"

काकूंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "गुरुवारी हार्टची आणि बीपीची, दोन्ही बंद केल्या, मॅडम. नाडी ४३ दाखवत होती."

गुरुवारी ४३, सोमवारी १०८. गाडी काकांना घेऊन गेली आणि मी ते दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहून ठेवले.

रुग्णालयातला भाग थोडक्यात सांगते, कारण तिथे सगळं वेळेवर आणि नीट झालं. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) दोन वेळा तपासलं, वाढलेलं नव्हतं. अँजिओग्राफीत जुना स्टेंट मोकळा दिसला. दुसऱ्या एका शाखेत मध्यम अडथळा होता, पण तो तीन वर्षांपूर्वीच्या फाइलमध्येही नोंदलेला होता. नवी गुठळी नाही. निदान झालं अस्थिर अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणाऱ्या छातीदुखीचं, आणि डिस्चार्जच्या कागदावर कारण लिहिलं होतं : बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) अचानक बंद केल्यामुळे. मेटोप्रोलॉल, म्हणजे बंद केलेला तो बीटा ब्लॉकर, कमी डोसपासून पुन्हा सुरू केली आणि चौथ्या दिवशी काका घरी आले.

त्या चार दिवसांत काय घडलं हे डिस्चार्जच्या कागदाने सांगितलं. त्याआधीचे चार महिने मात्र त्या पिशवीत होते.

काका घरी आल्यावर आठवड्याभराने दोघांना मी दुपारच्या वेळी बोलावलं, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवी त्यावर उलटी केली. चाळीसेक वस्तू निघाल्या असतील. स्ट्रिपा, अर्ध्या स्ट्रिपा, कात्रीने कापलेल्या चार-चार गोळ्यांचे तुकडे, औषधांची बिलं, थेंबांची एक छोटी बाटली, संपलेल्या मलमाची ट्यूब. कापलेल्या तुकड्यांकडे नीट बघा असं मी माझ्या प्रत्येक रुग्णाला सांगते. मेडिकलमध्ये आपण "सातच द्या" म्हणतो, दुकानदार दहाच्या स्ट्रिपमधून सात गोळ्या कापून देतो, आणि बहुतेक वेळा औषधाचं पूर्ण नाव आणि मुदतीची तारीख त्या उरलेल्या तीन गोळ्यांबरोबर दुकानातच राहते. काकांच्या पिशवीतल्या एका तुकड्यावर कंपनीच्या नावाची नुसती मधली तीन अक्षरं उरली होती.

बिलं तारखेवार लावली आणि हळूहळू उलगडा होत गेला.

पहिली स्ट्रिप अटॅकनंतर हृदयतज्ज्ञांनी दिलेली : मेटोप्रोलॉल सक्सिनेट ५०, दिवसातून एकदा. घरात तिचं नाव "हार्टची गोळी". एप्रिल-मेमध्ये काका-काकू लेकीकडे पुण्याला महिनाभर राहिले. लेक चौथ्या मजल्यावर, लिफ्ट सारखी बंद. गुडघे धरले, म्हणून काकांनी दुकानातून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणल्या आणि जवळजवळ दोन आठवडे घेतल्या. त्याचं बिल पिशवीत होतं. त्याच दिवसांत तिथल्या एका डॉक्टरांकडे रक्तदाब १६२/९४ भरला. डायक्लोफेनॅक आणि त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी अंगात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब वाढतो आणि बीपीच्या औषधांचा जोर उतरतो. काकांचा रक्तदाब त्यामुळेच वाढला असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण माझा संशय तिथेच जातो. वेदनाशामक थांबवून दोन आठवड्यांनी पुन्हा मोजला असता, तर पुढचं बरंचसं कदाचित घडलंच नसतं. काकांनी त्या डॉक्टरांना गुडघ्याच्या गोळीबद्दल सांगितलं नाही. ती त्यांच्या लेखी औषधात मोडतच नव्हती.

त्या डॉक्टरांनी एक संयुक्त गोळी दिली, टेल्मिसार्टन ४० (रक्तदाबाचं औषध) आणि मेटोप्रोलॉल ५०, एकाच गोळीत दोन औषधं. अशा जोडगोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात आणि योग्य माणसाला सोयीच्याही असतात. घरात हिचं बारसं झालं "बीपीची गोळी". नाव वेगळं, कंपनी वेगळी, रंग वेगळा, आणि अवयवही वेगळा. साहजिकच हार्टची गोळी सकाळी आणि बीपीची गोळी रात्री, अशा दोन्ही चालू राहिल्या. हार्टची बंद करावी असं कुणालाही वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं. मेटोप्रोलॉल दुप्पट झाली.

जूनमध्ये नाशिकला परतल्यावर डोळे तपासले, काचबिंदू निघाला. टिमोलॉलचे थेंब, दोन्ही डोळ्यांत, सकाळ-संध्याकाळ. टिमोलॉल हाही बीटा ब्लॉकरच. डोळ्यात टाकलेला थेंब डोळ्यातच राहतो असं आपण धरून चालतो, पण त्यातला बराच भाग नाकाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून उतरतो, नाकाच्या आतल्या अस्तरातून थेट रक्तात जातो आणि पोटातल्या गोळीसारखी यकृताची चाळणी त्याला लागत नाही. निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. आधीच दोन गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या हृदयाला लागतो.

हार्टची गोळी, बीपीची गोळी, डोळ्यांचे थेंब. तीन डॉक्टर, तीन नावं, तीन अवयव. औषध एकाच घराण्यातलं. मी स्ट्रिपांवरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव भिंगाखाली धरून काकूंना वाचायला लावलं. पहिल्या स्ट्रिपवर त्यांनी "मेटोप्रोलॉल" अक्षरं जुळवत वाचलं. दुसऱ्या स्ट्रिपवर तेच वाचून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मीच रोज ह्यांना दोनदा तेच देत होते?" त्यांचा चेहरा बघवत नव्हता. तीन महिने एकही डोस न चुकवता देणारी बाई. दोष त्यांचा नव्हता, हे मी त्यांना सांगितलं आणि इथेही लिहून ठेवते.

बीटा ब्लॉकर म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. धावपळ, भीती, राग, जिना चढणं, अशा वेळी शरीर ॲड्रिनॅलिन आणि त्याची भावंडं सोडतं. हृदयाच्या पेशींवर त्यांच्यासाठी दारं असतात, त्यांना बीटा रिसेप्टर म्हणतात. दार उघडलं की ठोके वाढतात, आकुंचनाचा जोर वाढतो आणि हृदयाला जास्त प्राणवायू लागतो. ज्याच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत त्याला ही वाढीव मागणी परवडत नाही आणि छातीत दुखतं. पुरवठा वाढवता येत नसेल तर मागणी कमी करू, हा विचार ब्रिटनच्या जेम्स ब्लॅक यांनी केला आणि १९६०च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आलं. या कामाचा वाटा असलेलं नोबेल त्यांना १९८८ साली मिळालं. पुढे मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, नेबिव्होलॉल अशी मोठी वंशावळ झाली. बहुतेकांच्या नावाच्या शेवटी "लॉल" येतं आणि घरच्या माणसाला ओळखायची ती सोपी खूण आहे. काकांच्या पिशवीत तीन "लॉल" होती.

ही औषधं गुणाची आहेत यात शंका नाही. हृदयाची पंपिंगची ताकद कमी झालेल्या रुग्णांमध्ये बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट आयुष्य वाढवतात, हे १९९९ ते २००१ दरम्यानच्या मोठ्या अभ्यासांनी दाखवलं. अंजायना, काही अनियमित ठोके, थायरॉइड वाढल्यामुळे होणारी धडधड, अर्धशिशीची प्रतिबंधक गोळी, अशी त्यांची कामं बरीच आहेत. मात्र दुसरं काही कारण नसताना नुसत्या रक्तदाबासाठी ती पहिली निवड राहिलेली नाहीत. २००२च्या लाइफ अभ्यासात ॲटेनोलॉलच्या तुलनेत लोसार्टन (टेल्मिसार्टनच्या जातीचं औषध) घेणाऱ्यांना पक्षाघात कमी झाले, आणि अमेरिकेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांतही ती पहिल्या फळीत नाहीत. काकांना ती हवी होती हृदयासाठी. म्हणून "बीपीची गोळी" या नावाने दुसरी मेटोप्रोलॉल घरात आली, तिथेच गाडं रुळावरून घसरलं.

मग तीन महिने कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

काकू रोज सकाळी घरच्या मशीनवर रक्तदाब मोजून वहीत लिहीत. वही मी पाहिली आहे. निळ्या शाईत, रेघा आखून, एक दिवस खाडा नाही. ११८/७०, ११६/६८, १२०/७२. अशी वही पाहून कुठल्याही डॉक्टरला आनंद होईल. पण मशीनच्या पडद्यावर आकडे तीन येतात. वर एक, मधे एक, आणि खाली बारीक हृदयाच्या चिन्हाशेजारी तिसरा. वहीत रकाने दोनच होते. तिसरा आकडा नाडीचा, आणि तो मेपासून उतरत चालला होता. मशीनच्या मेमरीत जुनी मापं होती, ती मी एकेक करून मागे नेत पाहिली. मेच्या अखेरीस ५८. जुलैत ५२, ५०, ४९. श्रावण लागला तेव्हा ४६.

इथे माझी चूकही सांगायला हवी. जुलैच्या मध्यात काका सर्दीसाठी माझ्याकडे आले होते. माझ्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात आहे : रक्तदाब ११६/७०, नाडी ५२. मी रक्तदाब बघून "छान आहे" म्हटलं. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची बसल्या जागची नाडी पन्नाशीच्या वरच्या घरात असणं नवलाचं नाही, आणि त्रास नसेल तर चालतंही. पण दरवेळी ६०-६२ असणाऱ्या माणसाची ती खाली का गेली, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. "नवीन काही सुरू केलंय का, डोळ्यात-कानात टाकायचं, गुडघ्याला लावायचं, दुकानातून आणलेलं?" एवढं विचारलं असतं तर पिशवी जुलैतच उलटी झाली असती.

आम्ही नाशिककर पुराचं पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला लागलं, एवढं कळलं की बाजारातली माणसं दुकानं आवरायला घेतात. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या घरात नाडीचं काम तेच आहे. रक्तदाब काकांचा सुरेख होता. पाणी चढत होतं ते नाडीवर, आणि तिकडे बघायची सवय घरात नव्हती आणि माझ्या दवाखान्यातही पुरेशी नव्हती.

लक्षणं होती, पण ती वयाच्या नावे जमा झाली. दुपारी पेंगुळणं. पावसाळ्यातही बोटं गार पडणं. पहाटेची चक्कर अर्धी होणं. तिसऱ्या सोमवारी काका फेरीला गेले आणि तीस वर्षांत पहिल्यांदा पहिल्याच चढाला बसले. "पाय उचलेनात, आणि दमही लागेना नीट, नुसता रिकामा झाल्यासारखा झालो," असं त्यांचं वर्णन. ते अगदी अचूक आहे. चढावर हृदयाने ठोके वाढवून स्नायूंना रक्त पुरवायचं असतं. दार बाहेरून दुहेरी कुलूप लावून बंद केलं असेल तर ठोके वाढणार कुठून? सोबतच्यांनी उपासामुळे साखर उतरली असेल म्हणून खडीसाखर दिली. खडीसाखर देणं शहाणपणाचंच होतं. तरीही बरं वाटलं नाही, आणि काका बसने परत आले.

साखरेवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. काका मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात. ही गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर फार उतरली की एरवी छाती धडधडते, हात थरथरतात, आणि माणूस सावध होऊन काहीतरी खातो. ही धडधड आणि थरथर ॲड्रिनॅलिनची असते, त्यामुळे बीटा ब्लॉकर ती झाकून टाकतो. घाम मात्र झाकला जात नाही. म्हणून मधुमेह आणि बीटा ब्लॉकर एकत्र असलेल्या माझ्या प्रत्येक रुग्णाला मी सांगते : कारण नसताना घाम फुटला, डोकं जड झालं, बोलणं अडखळलं, तर धडधडीची वाट बघू नका, साखर तपासा, मशीन नसेल तर सरळ गोड खा. आणि श्रावण, नवरात्र, संकष्टी, जो काही उपास करणार असाल, त्याच्या आधी मधुमेहाच्या गोळीचं काय करायचं ते विचारून घ्या. काका तीस वर्षं श्रावणी सोमवार करतात. मी कधी विचारलं नव्हतं.

आता गुरुवार. काका सकाळी गोळी घेऊन बाथरूमला गेले, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, भिंतीला धरून खाली बसले. मुलगा अंबडच्या कंपनीत कामाला, त्या दिवशी दुसरी पाळी म्हणून घरी होता. त्याने मशीन लावलं आणि घरात पहिल्यांदा तिसरा आकडा कुणीतरी वाचला. ४३. त्याने मोबाइलवर शोधलं, दोन्ही स्ट्रिपांवरचं नाव जुळवलं, या औषधाने नाडी मंदावते हे वाचलं आणि दोन्ही गोळ्या बंद केल्या. काकूंना तो म्हणाला, "सोमवारी मॅडमकडे दाखवू." मला त्याच्या बुद्धीचं कौतुकच वाटतं. तीन डॉक्टरांनी जे पाहिलं नाही ते त्याने पाहिलं. निदान अगदी बरोबर होतं.

चूक झाली ती पुढच्या पावलात, आणि त्या पावलाची माहिती कुणी त्याला दिलीच नव्हती. बीटा ब्लॉकर महिनोन् महिने दारं बंद ठेवतो, तेव्हा शरीर गप्प बसत नाही. ॲड्रिनॅलिनचा निरोप पोहोचत नाही म्हणून पेशी दारांची संख्या वाढवतात. गोळी चालू असेपर्यंत ती जादा दारंही बंदच असतात. गोळी एकदम थांबली की सगळी एकाच वेळी उघडतात, आणि रोजचंच ॲड्रिनॅलिन दुपटीने लागू पडतं. नाडी उसळते, रक्तदाब चढतो, आणि ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याला अंजायना, प्रसंगी हार्ट अटॅक येऊ शकतो. औषध रक्तातून एक-दोन दिवसांत निघून जातं, पण जादा दारं मागे उरतात. म्हणून शुक्रवार-शनिवार बरे गेले. काका म्हणालेही, "बघ, किती हलकं वाटतंय." रविवारी जिना चढताना छाती भरून आली. सोमवारी पाटा.

काकांना हे समजावताना मी गोदावरीवरच्या गंगापूर धरणाचं उदाहरण दिलं. धरण भरलं की विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात, आधी भोंगा वाजतो, रामकुंडावरचे टपरीवाले सामान हलवतात. सगळे दरवाजे एकदम उघडले तर काठावरच्यांचं काय होईल? काका लगेच म्हणाले, "म्हणजे भोंगा न वाजवता पाणी सोडलं आम्ही." त्यांना पुन्हा सांगावं लागलं नाही.

मग गुरुवारी काय करायला हवं होतं? गोळ्या डोळे मिटून तशाच चालू ठेवायच्या होत्या, असं मी म्हणत नाही. ४३ नाडी आणि भोवळ हे त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरला कळवण्याचं कारण आहे. कार्डिओग्राम काढून हृदयातला विजेचा मार्ग अडलाय का ते पाहिलं असतं, रात्रीची संयुक्त गोळी थांबवली असती, सकाळच्या गोळीचं आकडे पाहून ठरवलं असतं, थेंबांबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलले असते. कदाचित एक-दोन दिवस निरीक्षणासाठी दाखलही केलं असतं. मंद नाडीपायी बीटा ब्लॉकर थांबवावाच लागतो असे प्रसंग येतात, पण तेव्हा माणूस मॉनिटरखाली असतो. एरवी कमी करायचाच झाला तर साधारण एक ते दोन आठवड्यांत पायरीपायरीने, आणि त्या काळात जड काम आणि दगदग टाळून. घरी बसून, चार दिवसांनी दाखवू म्हणून, एकदम नाही.

काकांची फाइल पुन्हा बसवताना आम्ही तिघे डॉक्टर फोनवर बोललो, आणि खरं सांगायचं तर या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं काम तेच होतं. संयुक्त गोळी गेली, तिच्या जागी नुसती टेल्मिसार्टन आली. मेटोप्रोलॉल सक्सिनेट एकच, आधी २५, मग नाडी-रक्तदाब पाहून ५०. डोळ्यांच्या डॉक्टरांनी टिमोलॉल बदलून लॅटॅनोप्रोस्ट दिलं, जे बीटा ब्लॉकर नाही. थेंब कुठलाही असो, टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं हलका दाबून धरायचा, हे काकूंनी माझ्यासमोर दोनदा करून दाखवलं. गुडघ्यांसाठी व्यायाम, शेक आणि लागलीच तर पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक घरातून बाहेर.

काकांनी त्या दुपारी बरेच प्रश्न विचारले. काही इथे देते, कारण ते प्रत्येक घरात निघतात. गोळी मोठी आहे, कुटून दिली तर चालेल का? नाही. सक्सिनेटची गोळी दिवसभर हळूहळू विरघळेल अशी बनवलेली असते, कुटली किंवा चावली की दिवसभराचा डोस एकदम उतरतो. मधोमध रेघ असेल तर तिथून अर्धी करता येते, तेही विचारून. सकाळची विसरली तर? आठवली की घ्या, पण दुसऱ्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम नकोत. जेवणाआधी की नंतर? मेटोप्रोलॉल जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर, रोज एकाच रीतीने. दात काढायचा असेल, ऑपरेशन असेल तर? आधी सांगायचं, आणि स्वतःहून गोळी चुकवून जायचं नाही.

काकूंच्या बहिणीला दमा आहे आणि तिचाही रक्तदाब वाढलेला, "तिला हीच देऊ का?" असं काकूंनी सहज विचारलं. मी जवळजवळ ओरडलेच. फुप्फुसांच्या नळ्या मोकळ्या ठेवण्याचं काम याच घराण्यातली दारं करतात. दम्याच्या माणसाला बीटा ब्लॉकरने, अगदी टिमोलॉलच्या थेंबानेही, जिवावर बेतणारी धाप लागू शकते. एकाच्या स्ट्रिपमधली गोळी दुसऱ्याला देऊ नये हे सगळ्याच औषधांना लागू आहे, पण इथे ते विशेष जपायचं.

आणखी दोन नावं मी कार्डावर लाल शाईत लिहून दिली, व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम. ही रक्तदाबाची आणि अंजायनाची औषधं आहेत, बीटा ब्लॉकरबरोबर घेतली तर ठोके फार मंदावू शकतात. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन या मनाच्या आजारावरच्या गोळ्यांनी मेटोप्रोलॉल रक्तात साठते. कुणी नवीन डॉक्टर यातलं काही देत असेल तर कार्ड पुढे करायचं. कार्डावर औषधाचं मूळ नाव, मात्रा, कशासाठी आणि कुणी दिलं. "हार्टची", "बीपीची" हे शब्द कार्डावर नाहीत. स्ट्रिप नेहमी पूर्ण घ्यायची, कापून नाही.

वहीला तिसरा रकाना आला. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण साठ सेकंद मोजायचं, हे काकू पहिल्या दिवशी चुकल्या, दुसऱ्या दिवशी त्यांचा आणि माझा आकडा एक आला. ठरलं ते असं : बसल्या जागी ५०च्या खाली किंवा १००च्या वर, किंवा भोवळ, नवी धाप, पायांवर सूज, तर पुढच्या गोळीच्या आधी मला फोन, रात्री-अपरात्रीही. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखून पाच मिनिटांत थांबलं नाही तर मला नाही, १०८ला.

मुलाने एक प्रश्न विचारला तो मला आवडला. तीन वर्षं झाली, पंपिंग चांगलं आहे, मग ही गोळी हळूहळू कायमची बंद करता येणार नाही का? हा प्रश्न आज हृदयरोगतज्ज्ञांमध्येही गाजतो आहे. फ्रान्समध्ये सुमारे ३,७०० रुग्णांवर झालेल्या ॲबिस अभ्यासात, अटॅकला काळ लोटलेल्या आणि पंपिंग फारसं न बिघडलेल्या लोकांत बीटा ब्लॉकर थांबवणं हे चालू ठेवण्याइतकं सुरक्षित ठरलं नाही, हृदयाच्या तक्रारींसाठी दाखल होण्याचं प्रमाण वाढलं, असं २०२४ साली समोर आलं. त्याच वर्षीच्या रिड्यूस-एएमआय अभ्यासात मात्र, पंपिंग उत्तम असलेल्यांना अटॅकनंतर ही गोळी सुरू करून मृत्यू किंवा पुन्हा अटॅक कमी झाल्याचं दिसलं नाही. म्हणजे सगळ्यांना एक उत्तर नाही. काकांच्या बाबतीत उरलेला अडथळा आणि सोमवारची संध्याकाळ पाहता सध्या तरी चालूच, असं हृदयतज्ज्ञांचं आणि माझं एकमत आहे.

जानेवारीत निफाडकडून बोचरा वारा सुटला तेव्हा काका वही घेऊन आले. रक्तदाब १२८/७६, नाडी ६०. चक्कर पूर्वीसारखी पूर्ण होते, पण पहाटे बोटं पांढरी पडतात आणि चहाचा कप धरताना दुखतात. एकच मेटोप्रोलॉल आहे, थेंब बदललेत, तरीही. हातमोजे आणि उन्हं वर आल्यावर फिरायला जाणं, एवढं सध्या सांगितलं आहे. हातपाय कमी गार पाडणारं याच घराण्यातलं दुसरं औषध त्यांना चालेल का, आणि बदलायचं तर कसं, हा प्रश्न मी कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून दिला आहे. मार्चमध्ये हृदयतज्ज्ञांची भेट आहे, तोवर गोळी तीच आणि मात्राही तीच.